कुठल्या व्हर्जनचं पान आहे, हे लिहायला काय जातं?

परवा रात्री धाकट्या भावाने एक पोस्ट पाठवली आणि खाली विचारलं, "ताई, म्हणजे चूक माझीच होती का?" ती पोस्ट तुमच्यापर्यंतही आली असेल. सूर असा: ओपन सोर्स टूलला इन्स्टॉलची एक ओळ पुरते. डॉक्स (टूल कसं वापरायचं ते सांगणारी पानं) फक्त ताज्या व्हर्जनचे ठेवावेत. जुन्या व्हर्जनची पानं सांभाळणं म्हणजे मेंटेनरचा, टूल सांभाळणाऱ्याचा, छळ. ज्याला इन्स्टॉल जमत नाही त्याने या धंद्यात येऊ नये. आणि अडलंच तर एआय आहे की.

भावाची 'चूक' आधी सांगते. एका टूलच्या पानावर 'सुडो पिप इन्स्टॉल' अशी ओळ होती (पिप म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणारं टूल) आणि त्याच्या मशीनवर डेबियन १२ हे लिनक्स. ओळ चालवल्यावर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असा एरर आला, म्हणजे इथलं पायथन सिस्टिम सांभाळते, पिपने हात लावू नये. त्या एररच्या शेवटी, धोक्याचा इशारा देऊन का होईना, '--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' हा पर्याय सांगितलेला असतो. पोराने तो घातला. आता नावातच 'मोडा' लिहिलंय हे मलाही दिसतं, पण पानावरची ओळ चालेना झाली की माणूस दिसेल त्या पुढच्या ओळीला हात घालतो. दोन संध्याकाळी गेल्या. टूल बसलं, पण सिस्टिमच्या पायथनवर चालणारी दुसरी दोन टूल्स झोपली.

गंमत म्हणजे ते टूल मधल्या काळात बदललेलंच नव्हतं. खालची जमीन सरकली होती. पेप ६६८ या पायथनच्या प्रस्तावाने डिस्ट्रोंना (डेबियनसारख्या लिनक्सच्या प्रकारांना) सिस्टिमचं पायथन पिपपासून राखायची सोय दिली, जानेवारी २०२३ मधल्या पिप २३.० पासून पिप ती पाळू लागलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ ने ती लागू केली. पान त्याच्या आधीचं होतं. ते कधीचं, टूलच्या कुठल्या व्हर्जनचं, कुठल्या सिस्टिमवर तपासलेलं, यातलं काहीही त्यावर लिहिलेलं नव्हतं. मग वाचणाऱ्याने ओळखायचं कशावरून?

आता पोस्टमधला सगळ्यात अजब मुद्दा. "जुन्या व्हर्जनचे डॉक्स ठेवले की लोक अपग्रेड करत नाहीत. फक्त ताजे ठेवा, झक मारत येतील." हे लिहिणाऱ्याने कुबरनेटिस (अनेक मशीन्सच्या गटावर, म्हणजे क्लस्टरवर, ॲप्स चालवणारी सिस्टिम) कधी चालवलंय का? कुबेक्टल (क्लस्टरला आज्ञा देणारं टूल) आणि क्लस्टरचा एपीआय सर्व्हर (त्या आज्ञा घेणारा भाग) यांच्यात एका मायनर व्हर्जनपेक्षा जास्त अंतर नसावं, हा त्या प्रकल्पाचा स्वतःचा नियम आहे. क्लस्टर १.२९ वर असेल तर १.२८, १.२९ किंवा १.३० चं कुबेक्टल चालतं. तिथे 'ताजं घ्या' हा सल्ला प्रकल्पाच्याच नियमाने चुकीचा ठरतो. आणि क्लस्टर अपग्रेड करणं कुबेक्टल वापरणाऱ्या पोराच्या हातात नसतं. म्हणूनच तिथे चालू व्हर्जनसोबत आधीच्या चार व्हर्जन्सचे डॉक्स ठेवतात, आणि नव्या पॅकेज रेपोचा (जिथून टूल उतरतं त्या साठ्याचा) पत्ताही मायनर व्हर्जनगणिक वेगळा असतो. जुना पॅकेज रेपो सप्टेंबर २०२३ मध्ये गोठवला आणि मार्च २०२४ मध्ये काढून टाकला. त्या दिवशी जुन्या रेपोवर विसंबलेल्या, इकडून तिकडून चिकटवलेल्या, तारीख नसलेल्या सगळ्या इन्स्टॉल ओळी एकदम मेल्या.

'जुनं पान असलं की लोक तिथेच बसतात' हेही खरं नाही. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कच्या सपोर्ट संपलेल्या व्हर्जनचं पान उघडून बघा. वरच ठळक सूचना असते की ही व्हर्जन असुरक्षित आहे, नवीन घ्या. अपग्रेड करा हे सांगायला जुन्या पानाइतकी चांगली जागा दुसरी नाही, कारण ज्याला ते सांगायचंय तो नेमका तिथेच येतो. पानच उडवलं तर त्याला 'पान सापडलं नाही' असा ४०४ दिसतो आणि तो कुणाच्या तरी चार वर्षं जुन्या टिपणाकडे वळतो.

शिवाय 'ताजं' म्हणजे काय, इथेही घोळ आहे. रीड द डॉक्स या डॉक्स ठेवायच्या साइटवर 'लेटेस्ट' म्हणजे साधारणपणे मुख्य ब्रांचचं टोक (अजून घडत असलेला कोड) आणि 'स्टेबल' म्हणजे शेवटचं रिलीज. नवखा माणूस 'लेटेस्ट' वाचून रिलीज इन्स्टॉल करतो, आणि पानावरचा फ्लॅग (आज्ञेसोबत द्यायचा पर्याय) टूलला माहीतच नसतो. कारण तो फ्लॅग अजून रिलीजच झालेला नाही! असले इश्यू (तक्रारी) मी स्वतः एका छोट्या टूलवर इतके बंद केलेत की शेवटी पहिलं पानच 'स्टेबल' करून टाकलं.

मेंटेनरच्या छळाचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करते. डॉक्युसॉरस या डॉक्सच्या साइट बनवणाऱ्या टूलचे स्वतःचे डॉक्सच सांगतात की बहुतेकांना व्हर्जनिंगची गरज नसते, आणि केलंच तर व्हर्जन्स थोड्या ठेवा. प्रत्येक पॅच रिलीजला (छोट्या दुरुस्तीला) अख्ख्या साइटची प्रत काढून ठेवणाऱ्यांनी हा आजार वाढवलाय. प्रत काढली म्हणजे काम संपत नाही. रेपोचा पत्ता बदलला की जुन्या, पण सपोर्ट चालू असलेल्या व्हर्जनचं इन्स्टॉल पानही दुरुस्त करावं लागतं. पण म्हणून सगळंच सोडून द्यायचं? सपोर्ट असलेल्या व्हर्जन्सपुरती पानं ठेवा. व्हर्जनचा आकडा एकाच जागेवरून सगळीकडे येऊ द्या, हाताने दहा ठिकाणी बदलत बसू नका. आणि पानावरच्या इन्स्टॉल ओळी सीआयमध्ये (आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) कोऱ्या कंटेनरवर, म्हणजे वेगळ्या ठेवलेल्या रिकाम्या सिस्टिमवर, चालवा, रिलीजच्या वेळी आणि मधूनमधूनही. जमीन सरकली की ते आधी तुम्हाला कळेल, माझ्या भावाला नाही.

एका ओळीचा मुद्दा. 'कर्ल करून थेट शेलला द्या' (नेटवरून स्क्रिप्ट उतरवा आणि न पाहता चालवा) ही ओळ सोयीची आहे, रस्ट भाषा बसवणारं रस्टअपही तेच देतं, ठीक. पण रस्टच्या डॉक्समध्ये इन्स्टॉलच्या इतर पद्धतीही दिलेल्या आहेत. दुसरी वाट का लागते, हे २०२१ मध्ये दिसलं. कोडकव्ह या, टेस्टनी किती कोड तपासला ते मोजणाऱ्या सेवेची बॅश अपलोडर स्क्रिप्ट ३१ जानेवारीपासून कुणीतरी बदललेली होती आणि ते १ एप्रिलला कळलं. कळलं कसं? एका ग्राहकाने उतरवलेल्या स्क्रिप्टचा चेकसम (फाइल बदलली की बदलणारा तिचा ठसा) गिटहबवरच्या चेकसमशी ताडून पाहिला म्हणून. चेकसम लिहायलाही एकच ओळ लागते.

'जमत नाही त्याने येऊ नये' याला फार वेळ देणार नाही. गिटहबच्या २०१७ च्या ओपन सोर्स सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांनी अपुरे किंवा जुनाट डॉक्स ही अडचण अनुभवल्याचं सांगितलं, आणि ६० टक्के कॉन्ट्रिब्युटर म्हणाले की आम्ही डॉक्सला क्वचितच किंवा कधीच हात लावत नाही. त्या ९३ टक्क्यांना हाकलल्यावर टूल वापरणार कोण?

राहता राहिला एआय. तो शिकला तीच तारीख नसलेली पानं वाचून. बाद ठरवलेली ॲप्ट-की ही डेबियनवरची आज्ञा तो आजही आत्मविश्वासाने सुचवतो.

भावाने काल त्या टूलला एक पुल रिक्वेस्ट (बदल सुचवणारी विनंती) पाठवली. चार ओळींची आहे: पिपएक्सने (सिस्टिमच्या पायथनला हात न लावता) इन्स्टॉल करा, टूलची व्हर्जन अमुक, डेबियन १२ वर तपासलं, तारीख. अजून कुणी उघडलेली दिसत नाही.