नंबर देते, पण आधी स्वयंपाक कोण करणार ते सांगा

एप्रिल लागला की माझ्या फोनवर एकच प्रश्न सुरू होतो. "ताई, तुम्ही कोकणात अख्खं घर घेतलं होतं नं भाड्यानं? नंबर द्या की." मागच्या आठवड्यात चौघींना तेच तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून इथं एकदाच लिहिते. लांबलंय. चहा घेऊन बसा.

आम्ही लातूरचे. सासू, दोन दीर, जावा, नणंद, लेकरं धरून चौदा माणसं. चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा समुद्राला गेलो तेव्हा गडीमाणसांनी हिशोब मांडला. हॉटेलात पाच खोल्या लागतात, त्यापेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर घेऊ, किराणा इथूनच नेऊ, खर्च निम्मा. आणि खरंच निम्मा झाला. कसा झाला ते मला आणि माझ्या धाकट्या जावेला विचारा. दहा किलो गव्हाचं पीठ, ज्वारीचं वेगळं, येसर, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बरणी. गाडीत बॅगांपेक्षा डबे जास्त. तिकडं पोचलो की सकाळी पोहे, अकराला चहा, दुपारी चौदा जणांच्या पोळ्या, संध्याकाळी परत तेच. सगळे समुद्रावरून पायाला वाळू घेऊन यायचे आणि दारातून विचारायचे, "झालं का?" तीन दिवसांत समुद्र मी दोनदा पाहिला. त्या सहलीच्या दोनशे फोटोंपैकी एकात मी आहे आणि त्यातही हातात उलथनं आहे.

परत येताना नवरा म्हणाला, "किती घरच्यासारखं वाटलं नाही?"

वाटलं ना. तेच तर दुखणं.

म्हणून गेल्या मेमध्ये परत ठरलं तेव्हा मी आधीच सांगून टाकलं: घर घ्यायचं, पण तिथं जेवण करून देणारं कुणी असेल तरच. ताटामागे पैसे द्यायचे आणि आपण ताटावर बसायचं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, उगं खर्च वाढायलाय." मी म्हणलं, मग यंदा पोळ्या तुम्ही लाटा. विषय संपला.

कुणी म्हणेल, एवढं आहे तर सरळ हॉटेलच का नाही? तर मला अजूनही घरच बरं वाटतं. एकदा एका लग्नाला गेलो होतो तेव्हा सगळ्यांना दोन मजल्यांवर खोल्या होत्या. जो तो आपल्या खोलीत टीव्ही लावून बसला. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, रात्री दहाला दार ठोकत फिरत होत्या, कारण त्यांना त्यांची खोली सापडेना. घरात तसं होत नाही. पडवीत आत्याबाई, माजघरात ओळीनं गाद्या, मधे लेकरांचा दंगा. जांभ्याच्या भिंतींचं, कौलाचं घर उन्हाळ्यातही आपल्या स्लॅबसारखं तापत नाही. त्यात मागं नारळ-पोफळीचं आगर असलं तर दुपारी सगळे तिथंच लोळतात, एसीची आठवण कुणाला येत नाही.

आता रस्ता. नकाशात आपल्याला वाटतं कोकण म्हणजे दुसरा मुलूख. पण औशावरून जातो तो रस्ता नागपूर-रत्नागिरी महामार्गाचाच. तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट आणि खाली रत्नागिरी. पाचशेच्या आसपास किलोमीटर. पहाटे चारला निघा, तुळजापूरला दर्शन घ्या, तरी अंधार पडायच्या आत पोचता येईलच असं नाही. म्हणून तीन रात्रींपेक्षा कमी ठरवू नका, नाहीतर लेकरांच्या लक्षात फक्त गाडीतली उलटी राहते. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडं जाताना आरे-वारेच्या चढावर एकदम समुद्र दिसतो. तिथं गाडीत जो आरडाओरडा झाला, त्यात सगळ्यात मोठा आवाज भाऊजींचा होता.

पण मला सांगायचंय ते मिरजेचं. मिरज आलं तसं आत्याबाईंनी काच खाली केली आणि विचारलं, "हितूनच आलतं नं आपलं पाणी?" २०१६ चा एप्रिल. दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते इथूनच. पहिल्या गाडीला १० वाघिणी, म्हणजे पाण्याच्या टाक्यांचे डबे होते, जवळपास ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी यायला लागली. आमच्या गल्लीत तेव्हा टँकर कधी यायचा ते सांगता यायचं नाही, आत्याबाई रात्री उशाशी घागर घेऊन झोपायच्या. गाडीतल्या लेकरांना यातलं काहीच आठवत नाही. निम्मी तेव्हा जन्मलीही नव्हती.

आमचं घर गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंडच्या पुढं, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. (जाहिरातीत "पाच मिनिटं" लिहिलेलं असतं. कशानं पाच मिनिटं, ते विचारत चला.) पोचल्या पोचल्या जेवण करणाऱ्या मावशींनी पहिली गोष्ट सांगितली, "पाणी जरा जपून हां. विहीर खाली गेलीय."

आमचे सगळे एकमेकांकडं बघायला लागले. समोर समुद्र, डोक्यावर नारळ, आणि पाणी जपून? आपल्याकडं वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, रत्नागिरीकडं ३,००० च्या वर. पण मावशींच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, दोन वाक्यांत समजावलं: जांभा दगड चाळणीसारखा, जमीन उताराची, पडलेलं सगळं समुद्रात जातं, मेमध्ये वरच्या वाड्यांवर टँकर येतो. ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि दुसऱ्या दिवशी समुद्रावरून आल्यावर माझीच दोन लेकरं शॉवरखाली वीस मिनिटं उभी. भाऊजींनी पाइप लावून गाडी धुतली. मी बोलले तर उत्तर काय आलं? "पैसे भरलेत की आपण."

लातूरच्या माणसानं हे म्हणावं? मला अजून राग आहे. हॉटेलात पाणी कुठून येतं हे कुणी दाखवत नाही, म्हणून आपण विचारत नाही. पण घर म्हणलं की विहीर दिसते आणि पंप चालू केला की मालकाचा चेहराही दिसतो. भाडं आपण छपराचं देतो, विहिरीचं नाही. त्या संध्याकाळी आत्याबाई काही बोलल्या नाहीत. नुसतं न्हाणीच्या दाराशी ओळीनं बादल्या भरून ठेवल्या आणि म्हणाल्या, "येकाला येक." भाऊजींनाही एक. त्यांनी मुकाट्यानं घेतली.

त्याच रात्री स्वयंपाकघरात मजा झाली. आत्याबाईंना दोन दिवस भात-भाकरी खाऊन ज्वारीची आठवण आली. मावशी तांदळाच्या पिठाची उकड काढून सुरेख भाकरी थापायच्या, पण ज्वारीची त्यांच्या हातात तुटायला लागली. आत्याबाईंना वाटलं उकड म्हणजे काय मोठं, त्यांचीही फाटली. शेवटी दोघी एकमेकींच्या चुलीपुढं बसल्या. मी बाहेर पडवीत सोलकढी पीत होते. स्वयंपाकघरात काही चालू आहे आणि मी बाहेर बसलेय, असं बहुतेक लग्नानंतर पहिल्यांदाच.

समुद्राबद्दल एकच गोष्ट, पण ती हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडचे पोरं विहिरीत सूर मारून मोठे झालेले असतात, त्यामुळं "मला पोहता येतं" म्हणून आत जातात. विहिरीचं पाणी ओढत नाही. समुद्राचं ओढतं, आणि पाणी ओसरताना जास्त. गणपतीपुळ्याला बुडाल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. मावशींच्या मालकांनी भरतीचा हिशोब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा गुडघ्याच्या वर जाऊच नका. आत्याबाईंना तिथी कायम पाठ असते, त्यामुळं उरलेले दिवस लेकरं समुद्रावर निघायच्या आधी त्यांना विचारून जायची. आणि हिशोब येत असला तरी गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाय टाकू नका.

पैशांचं थोडक्यात. ओळखीतल्या एका कुटुंबानं फोटो बघून पूर्ण रक्कम फोनवरून पाठवली. घर खरं होतं, फोटो खरे होते, पण ज्यानं पैसे घेतले त्याचा त्या घराशी काही संबंध नव्हता. रात्री नऊला लेकरं घेऊन परक्या गावात रस्त्यावर. तेव्हा आधी व्हिडिओ कॉल करा आणि सांगा, फाटकापासून विहिरीपर्यंत चालत दाखवा. खरा मालक असेल तर दाखवतो, वर आंब्याचं झाडही दाखवतो. आगाऊ थोडेच द्या, बाकी पोचल्यावर. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, म्हाताऱ्या माणसाला संडासापर्यंत किती पायऱ्या, आणि मासे चालतात की नाही, हेही विचारून घ्या. काही घरांत चालत नाहीत. आमच्या आत्याबाई माळकरी, त्यामुळं आम्हाला तसंच घर हवं होतं. भाऊजींनी सुरमई गणपतीपुळ्याच्या वाटेवर जाऊन खाल्ली आणि तोंड धुवून आले. आत्याबाईंना कळलं होतं.

तर नंबर मी देते. इथं कमेंटमध्ये नाही टाकणार, कारण मावशींना आधीच फोन फार येतात. इनबॉक्समध्ये या. पण येताना दोन गोष्टी लिहून या: किती माणसं, आणि स्वयंपाक कोण करणार. "आम्ही बायका मिळून करू" असं लिहिलंत, तर मी तुमच्या नवऱ्याचा नंबर मागणार आहे.