पाकिटाला हात न लावता प्राणिमित्र व्हा

रस्त्यात जखमी कुत्रं दिसलं तर सगळ्यात आधी एक करा, गाडीवरून उतरू नका. उतरलात की जवळ जाल, जवळ गेलात की ते मान उचलून तुमच्याकडे बघेल, आणि एकदा त्याने बघितलं की खर्च टळत नाही. गाडीवर बसल्या बसल्या, एक पाय जमिनीला टेकवून फोटो काढा. फोटोत रक्त आलं पाहिजे, तुमच्या गाडीचा नंबर नको.

फोटो लगेच ग्रुपवर टाका. खाली लिहा, "अजिंठा चौफुलीजवळ, फार वाईट अवस्था आहे, कोणीतरी मदत करा." 'कोणीतरी' हा शब्द विसरू नका. व्याकरणात ते अनिश्चित सर्वनाम असेल, पण आमच्या जळगावात कोणीतरी म्हणजे कोण हे अगदी निश्चित आहे. ती शिकवण्या घेते, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लंगडी, आंधळी, खरजेने केस गेलेली अशी वीसेक कुत्री आणि एक तीन पायांचं मांजर सांभाळते. तिचा फोन नंबर मागितलात तर दोन मिनिटांत सात जण देतील. क्यूआर कोड मागू नका. तो कोणाकडेच नसतो.

फोनवर आवाज जरा कापरा ठेवा. "ताई, किती वेळात पोहोचता?" असं विचारा, "येता का?" असं कधीच नाही. ती म्हणेल, "दादा, मी रिक्षा घेऊन येते, तोवर तिथेच थांबाल का? नाहीतर ते सरकत सरकत कुठेतरी जाऊन पडतं, सापडत नाही." यावर उत्तर तयार असू द्या. भुसावळला लग्न आहे. भुसावळला कायमच कोणाचं तरी लग्न असतं.

एवढं केलंत की तुमचं पुण्य जमा. पुढचा भाग न बघितलेला बरा. मी एकदा बघितला, म्हणून सांगतो. श्रावणातली गोष्ट. कानामागे साधी चावल्याची जखम होती म्हणे, पण पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की एका दिवसात अंड्यांच्या अळ्या होतात आणि त्या आत मांस खात जातात. आपण 'किडे पडले' म्हणतो आणि नाकाला रुमाल लावून पुढे जातो. डॉक्टरांनी स्प्रे मारला, तशा त्या वळवळत वर आल्या. मग चिमट्याने एकेक काढून स्टीलच्या वाटीत. बोटभर खोल खड्डा. तासभर हेच चाललं होतं. कुत्रं टेबलावर पडून होतं, ताईने त्याचं डोकं धरलेलं. मधेच त्याची शेपटी टेबलावर दोनदा आपटली. मला वाटलं दुखलं असेल. ताई म्हणाली, "नाही दादा, ओळख देतंय." मी चहा घ्यायला बाहेर गेलो तो परत आत गेलो नाही.

त्यानंतर रोज ड्रेसिंग, तीन आठवडे. कापूस, बेटाडीन, स्प्रे, सलाईन, अँटिबायोटिक. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याच्या उधारीच्या वहीत तिच्या नावाची स्वतंत्र पानं आहेत. पूर्वी एक पान होतं.

घरगुती उपचारांचा सल्ला मात्र तिला जरूर द्या, तो फुकट असतो. "हळद भरा", "रॉकेल ओता", "अर्धी पॅरासिटामॉल द्या". मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विष, त्याच्या यकृताला ते पचवता येत नाही. आणि आपली गुडघेदुखीची गोळी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव करू शकते. पण सल्ला देणाऱ्याने असल्या तपशिलात शिरू नये. गाठीचं कुत्रं असेल तर "कॅन्सर शे भो, झोपवून टाका" असं गंभीरपणे म्हणा. भटक्या कुत्र्यांत समागमातून पसरणारी एक गाठ असते, आठवड्याला एक इंजेक्शन, अशी चार ते सहा दिली की बहुतेक वेळा ती पूर्ण जाते. पण तेवढे आठवडे कुत्र्याला डांबून ठेवायला जागा लागते, दर वेळी रक्त तपासावं लागतं. म्हणजे पुन्हा पैसे. झोपवा म्हणायला काही लागत नाही.

आता मुख्य प्रसंग. कधी ना कधी ती ग्रुपवर बिल टाकतेच. गेल्या हिवाळ्यात टाकलं होतं. हायवेवर ट्रकने मागचा पाय मोडलेलं कुत्रं, एक्स-रे, भूल, हाडात प्लेट, सगळे मिळून साडेअकरा हजार. आमचा ग्रुप म्हणजे दहावीची बॅच, चाळीस जण, त्यात दोन सराफ आणि केळीचे चार बागायतदार. पहिल्या तासात एकोणीस हात जोडलेले आले. मग एकाने विचारलं, "ही संस्था नोंदणीकृत आहे का?" दुसऱ्याने विचारलं, "८०जीची पावती मिळेल का?" (त्याने पुढे ५१ रुपये पाठवले. करसवलत किती झाली असती ते तोच जाणे.) तिसरा म्हणाला, "आधी मागच्या पैशांचा हिशोब टाका." मागचे पैसे त्याने दिले नव्हते, पण पारदर्शकतेचा आग्रह धरायला दिलेच पाहिजेत असं कुठे आहे? चौथा म्हणाला, "कुत्र्यांवर एवढा खर्च? माणसं मरताहेत." हे वाक्य पाठ करून ठेवा. माणसांसाठी काही करावं न लागता ते कुठेही वापरता येतं.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर भरीत पार्टीचं निघालं. बामणोदची वांगी, तुरकाट्यांवर भाजायची, कळण्याची भाकरी, सोबत शेवभाजी. माणशी चारशे. नऊच्या आत सोळा हजार जमा. कोणीही पावती मागितली नाही, वांग्यांचा हिशोबही नाही. ताईच्या बिलाचे त्या रात्रीपर्यंत १,३१४ झाले होते. त्यातले २१ माझे. त्याचा स्क्रीनशॉट मी स्टेटसला ठेवला, रक्कम झाकून.

फारच आडवं कोणी विचारलं तर सरकारकडे बोट दाखवा. १९६२ ला फोन केला की पशुवैद्यकाची गाडी येते, पण ती मुख्यतः गोठ्यासाठी. ज्याच्या कानात बिल्ला आणि ज्याच्यामागे मालक, त्याची नोंद होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातून लम्पी सुरू झाला तेव्हा मेलेल्या गाईमागे मालकाला ३० हजारांची भरपाई होती. बाजारपेठेत प्लास्टिक खाऊन पोट फुगलेल्या मोकाट गाईला मालक नाही, म्हणून तिची किंमतही ठरत नाही. तिच्या पाठीवर आपण हात फिरवून नमस्कार करतो, तेवढं पुरे.

आणि कायदा? १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नासात आमच्याकडे शेवभाजीची हाफ प्लेटसुद्धा येत नाही. न्यायसंहितेच्या ३२५ कलमात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण ते लावायला ठाण्यात तीन तास बाकड्यावर बसावं लागतं, आणि तिथे पुन्हा ताईच बसलेली असते.

शेवटी एक सावधगिरी. कुत्रं मेलं तर सोपं असतं, 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली की झालं. पण कधी कधी ते वाचतं. चौफुलीवरचं वाचलं. महिन्याभराने ताईचा फोन आला, "दादा, फोटो तुम्हीच टाकला होता ना? टाके काढले आज. छान चालतंय. शेडमध्ये आता जागा नाही, तुमच्या अंगणात ठेवाल का?"

अशा वेळी तोरणमाळला असावं. तिथे रेंज नसते. मी गेल्या महिन्यापासून तिथेच आहे; हा लेखही तिथूनच लिहिलाय, असं तिने विचारलं तर सांगा.