‘पन्नास रुपयांत ब्लोअर शांत’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

पिकअप चालवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. विषय आहे ब्लोअरचा, म्हणजे एसी-हीटरची हवा गाडीत फेकणाऱ्या पंख्याचा. ‘ब्लोअर आवाज करतो? गॅरेजवाले लुटतात, ५० रुपयांत कायमचा बंद करा’ असा त्याचा मथळा असून खाली सहा उपाय दिलेले आहेत: डॅशबोर्डच्या जाळीतून गंज सोडवणारा स्प्रे मारा, रेझिस्टन्स (प्रवाह अडवून पंख्याची गती कमी ठेवणारा भाग) जळाला असेल तर वायर मारून थेट जोडा, फ्यूज उडत असेल तर मोठा घाला, भंगारातली कोणतीही १२ व्होल्टची मोटर बसवा, मोटरसाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो ही थाप आहे, आणि काहीच जमले नाही तर प्लग काढून टाका, महाराष्ट्रात हीटर लागतो कोणाला. पिंपळगाव बसवंतहून वाशीला टोमॅटो नेणाऱ्या माझ्या भाच्याने हा संदेश मला पाठवला, तोही सल्ला विचारण्यासाठी नव्हे, तर ‘मामा, रविवारी हे करून टाकतो’ असे कळवण्यासाठी. स्प्रेचा डबा त्याने आधीच आणला होता. तेव्हा गप्प बसणे शक्य नव्हते.

पहिला उपाय करणाऱ्याला हवा गाडीत कोणत्या वाटेने येते हेच ठाऊक नसावे. ब्लोअरचा पंखा आधी, त्यापुढे एसी असल्यास त्याची कॉइल, मग हीटरची कॉइल, मग झडपा आणि सर्वांत शेवटी डॅशबोर्डची जाळी, असा हा क्रम असतो. जाळीतून मारलेला स्प्रे मोटरपर्यंत पोहोचत नाही. तो नळीत चिकटतो, त्यावर धूळ बसते आणि ब्लोअर लावला की त्याचा वास चालकाच्या तोंडावर येतो. समजा एखाद्याने मोटर बाहेर काढून तिच्यावर स्प्रे मारला, तरी लाभ चार दिवसांचा. या मोटरचा दांडा सहसा तेल मुरवलेल्या सच्छिद्र ब्राँझच्या बुशमध्ये, म्हणजे दांडा पेलणाऱ्या कड्यात फिरतो, आणि पातळ द्रावक असलेला स्प्रे बुशमधले उरलेसुरले तेलही धुऊन काढतो. शिवाय चालू मोटरमध्ये कार्बनपाशी, म्हणजे फिरत्या भागाला घासून वीज पोचवणाऱ्या तुकड्यांपाशी, ठिणग्या पडत असतात. डब्ल्यूडी-४० या सर्वांत परिचित स्प्रेच्या डब्यावरच तो ज्वलनशील असल्याची आणि फवारण्यापूर्वी विजेची उपकरणे व मोटर यांचा पुरवठा तोडण्याची सूचना छापलेली असते. संदेश मात्र ‘ब्लोअर फुल करून मारा’ असे सांगतो.

दुसऱ्या उपायावर मला थांबायचे आहे, कारण तो मूर्खपणाचा तर आहेच, पण त्याने गाडी पेटू शकते. साध्या ब्लोअरमध्ये पहिल्या तीन गतींचा प्रवाह रेझिस्टन्समधून जातो आणि चौथी गती थेट असते. म्हणून रेझिस्टन्स गेला की केवळ चौथी गती उरते. हा रेझिस्टन्स मुद्दाम हवेच्या मार्गात बसवलेला असतो, कारण तो तापतो आणि पंख्याच्याच हवेने थंड राहतो. त्यावर बहुधा एक थर्मल फ्यूज असतो, जो तापमान मर्यादेबाहेर गेले की स्वतः तुटून प्रवाह बंद करतो. आता आवाज करणारी मोटर डोळ्यांपुढे आणा. तिचा बुश सुकलेला किंवा गंजलेला असतो, दांडा जड फिरतो, त्यामुळे ती प्रवाह जास्त ओढते आणि हवा कमी फेकते. म्हणजे रेझिस्टन्स एकीकडे जास्त तापतो आणि दुसरीकडे त्याला थंडावा कमी मिळतो. अशा वेळी तुटलेला थर्मल फ्यूज हे दुखणे नसून दुखण्याची सूचना असते. संदेश सांगतो की तोच भाग वायरीने जोडा.

याचे परिणाम कल्पनेतले नाहीत. ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉल झाफिरा बी या गाड्यांना हीटरच्या याच भागातून आगी लागू लागल्या, तेव्हा २०१५ मध्ये सुमारे २ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावण्यात आल्या. ब्लोअरच्या रेझिस्टन्सवरील थर्मल फ्यूजची अयोग्य दुरुस्ती, म्हणजे नेमके हे वायर मारणे, हे कंपनीने तेव्हा सांगितलेले कारण होते. पुढे दुरुस्त केलेल्या गाड्याही पेटल्या आणि २०१६ मध्ये त्या पुन्हा बोलवाव्या लागल्या, कारण ओलाव्याने गंजून मोटर जड होणे किंवा अडकणे हे मूळ तसेच राहिले होते. ब्रिटिश संसदेच्या परिवहन समितीने या प्रकरणाची चौकशी करून एप्रिल २०१७ मध्ये अहवाल दिला आणि कंपनीच्या दिरंगाईवर कठोर टीका केली. झाफिरा ही पिकअप नव्हे, हे मान्य. पण गंजलेली मोटर, तापलेला रेझिस्टन्स आणि निकामी केलेला फ्यूज ही साखळी कोणत्याही कंपनीच्या गाडीत तशीच चालते. रेझिस्टन्स गेला असेल तर नवा घ्यावा, तो मोटरपेक्षा बराच स्वस्त मिळतो. मात्र मोटर तपासल्याशिवाय तो बसवू नये, अन्यथा नवाही जळेल.

मोठ्या फ्यूजविषयी एवढेच पुरे की उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २० अँपिअरच्या जागी ३० चा फ्यूज घातला की त्याच वायरीला सव्वादोनपट उष्णता सोसावी लागू शकते, आणि वायर मात्र बदललेली नसते. फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळण्याची जी पुरवणी संदेशात आहे, तिच्यावर शब्द खर्च करण्याची माझी इच्छा नाही.

भंगारातल्या मोटरच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, आणि ते नाइलाजाने मान्य करतो. जुनी मोटर चालते; गरिबाच्या गाडीला तिचाच आधार असतो. पण ‘कोणतीही’ चालत नाही. प्लग, बसवण्याची भोके, दांड्याची जाडी आणि लांबी, पंख्याचा व्यास आणि फिरण्याची दिशा जुळली पाहिजे. उलट्या दिशेने फिरणारा पंखा हवा फेकतो, पण फार कमी, आणि मग माणूस नव्या मोटरला दोष देत बसतो. शक्यतो पंख्यासह मोटर घ्यावी, कारण दोन्हींचा तोल एकत्र साधलेला असतो. पंख्याच्या पात्यांवर बारीक पत्र्याच्या क्लिपा दिसल्या तर त्या कचरा समजून उपटू नयेत, त्या तोलासाठीच लावलेल्या असतात. दुकानात बॅटरीवर फिरवून पाहावी आणि दांडा बोटांनी आडवा हलवून पाहावा. खेळ जाणवला तर ती तुमच्या मोटरची जुळी बहीण आहे, तिथेच सोडून यावी.

डॅशबोर्डच्या बाबतीत संदेश बऱ्याच अंशी बरोबर आहे, हेही सांगितले पाहिजे. अनेक पिकअपमध्ये ही मोटर डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या खाली किंवा मागे, मोजक्या स्क्रूंवर बसलेली असते, आणि तिच्यासाठी पूर्ण डॅशबोर्ड उतरवण्याची मजुरी मागणारा कारागीर एकतर अनोळखी गाडीवर हात मारतो आहे किंवा तुमच्या खिशावर. मात्र काही गाड्यांत खरोखरच हीटरचा डबा खोलावा लागतो, म्हणून आधी खाली वाकून स्वतः पाहावे आणि मगच वाद घालावा.

खरी बचत याच टप्प्यावर होते. बॅटरीची ऋण तार सोडून मोटर बाहेर काढावी आणि पंखा हाताने फिरवावा. गती वाढवली की टकटकही वाढत होती, असे असेल तर बहुधा पान, कागद किंवा उंदराने आणलेला कापूस पंख्यात अडकलेला असतो, आणि हा खर्च शून्य रुपयांचा. थंड मोटर किरकिरून थोड्या वेळाने शांत होत असेल तर बुश सुकला आहे. मशीनच्या तेलाचा थेंबभर उपाय काही काळ चालतो, पण तो काळ पर्याय शोधण्यासाठी वापरावा. दांडा हलत असेल किंवा घासल्याचा आवाज सतत येत असेल, तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन बुश आणि कार्बन बदलून देऊ शकतो. मोटर खोलता येत नसेल किंवा आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) काळे पडले असेल, तर मात्र नवी घेणेच स्वस्त पडते. जुन्या मोटरवरचा पार्ट नंबर लिहून दोन-तीन दुकानांत भाव विचारावा.

राहिला हीटर लागतो कोणाला हा प्रश्न. तो विचारणाऱ्याने आषाढात भरल्या गाडीने कसारा घाट उतरून पाहावा. काचेवर आतून साचलेली वाफ घालवणारी हवा याच पंख्यातून येते, आणि फडक्याने काच पुसत एका हाताने वळणे घेणे हा काही काटकसरीचा मार्ग नव्हे.

मोटर बदलताना एक काम संदेशात नाही, ते करावेच: वायपरखालच्या जाळीतली पाने काढून पाण्याच्या निचऱ्याची भोके मोकळी करावीत. ती तुंबली की पावसाचे पाणी पंख्याच्या डब्यात उतरते आणि नवी मोटरही जुनीसारखीच गंजते. भाच्याच्या गाडीत तिथे कडुनिंबाची पाने दाबून भरली होती.