वॅक्स केलेल्या गाडीवरही पाण्याचे डाग पडतात

‘गाडीला वॅक्स करा, मग धुतल्यावर पुसायची गरजच नाही, डाग पडत नाहीत’ हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवरून फिरतोय. तो मूळ मीच टाकला होता आणि तो चुकीचा आहे.

वॅक्समुळे पाणी पसरत नाही, त्याचे थेंब होतात. दारांवरून ते घरंगळून जातात, पण बॉनेट आणि टपावर बसून राहतात. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात. उन्हात पाणी उडून जातं, क्षार मात्र जागेवरच उरतात. पातळ पसरलेलं पाणी फिकट थर सोडतं; थेंबात तेच क्षार एका जागी साठतात, म्हणून डाग जास्त उठून दिसतो.

मागच्या रविवारी मी वॅक्स केलेलं अर्धं बॉनेट पुसलं आणि अर्धं तसंच उन्हात सोडलं. न पुसलेल्या बाजूला धण्याएवढी पांढरी वर्तुळं उमटली, कडेला जाड आणि मध्ये विरळ. पुसलेली बाजू स्वच्छ होती.

वॅक्स वाया जातं असं नाही. क्षार आधी वॅक्सच्या थरावर बसतात, त्यामुळे लगेच धुतले तर सहसा निघतात. पण बरेच दिवस राहिले तर रंगावरच्या क्लिअर कोटलाही खुणा पडू शकतात. म्हणून गाडी सावलीत धुवा आणि ओली असतानाच मायक्रोफायबरने टिपून घ्या.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा खुलासा पाठवा.