काट्याला अर्थ नाही

आमच्याकडे बाबांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगला, आणि २०२३ मधे मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली तेव्हा आमच्या घरात दोन दिवस सुतक. तर या बाईंचा टेंपरेचरचा काटा मार्चमधे लाल पट्ट्यात जाऊन बसायला लागला. गाडी मस्त चालतेय, वाफ नाही, वास नाही, पण काटा बघून घाम मला. संध्याकाळी लाइट लावले की तर अजून वर, म्हणलं दिवसभराचा थकवा असेल.

मेस्त्री म्हणाले थर्मोस्टॅट काढून फेका, आपल्या हवेत लागतच नाही. हे वाक्य मी आजवर भेटलेल्या प्रत्येक मेस्त्रीकडून ऐकलंय. (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. तो काढला की इंजिन अर्धवट गार पळतं आणि पेट्रोल जास्त पितं, पण ऐकतंय कोण.) मी तो घरी आणला, दोऱ्याला बांधून दुधाच्या पातेल्यातल्या पाण्यात सोडला, गॅस मोठा केला, आणि उकळी फुटायच्या आधीच त्याची झडप फुलासारखी उघडली. मी टाळी वाजवली. मागे बायको उभी. "ते पातेलं आता गाडीचं," एवढंच बोलली.

मग सेन्सर. हा प्रकार साधाय, तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, करंट जास्त जातो, काटा चढतो, संपली भानगड. नाना पेठेतून नवा आणून बसवला, काटा तिथेच. वायर काढली तर काटा खाली, वायर क्षणभर इंजिनाला टेकवली तर काटा एकदम टोकाला, म्हणजे मीटर जिवंत आहे हे कळलं. मग इंजिन खरंच किती तापतंय ते तरी बघू म्हणून कोरोनात गेटवर लोकांच्या कपाळावर रोखायचे ती गन माळ्यावरून काढली आणि रेडिएटरवर रोखली. ती बिचारी माणसांसाठी, बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर तिची धावच नाही, स्क्रीनवर नुसतं 'हाय'. मीपण हाय म्हणलं.

या सगळ्यात बाबा एकटे खूष. "पेट्रोलला मात्र हल्ली लई बरी झालीय, काटा खाली येतच नाही." मी म्हणलं चला, काहीतरी तरी चांगलं चाललंय.

एप्रिलमधे वाईला निघालो तर खंबाटकी घाटात दोन आचके देऊन गाडी बंद. काटा अर्थातच लाल. झालं, इंजिन बसलं! बाबांनी चाकाला दगड लावला, मी बॉनेट उघडलं, आणि आम्ही पाऊण तास तिला थंड होऊ देत उभे, जवळ जायची पण हिंमत नाही. शेवटी एक टेंपोवाला थांबला, त्याने सरळ रेडिएटरवर हात ठेवला. "काका, पार गार आहे की ही. पेट्रोल आहे का?"

"पाव टाकी!" बाबा तडफेने.

त्याने मागे जाऊन गाडी दोनदा हलवली, टाकीला कान लावला. डबडब नाही, काही नाही. "वारा आहे आत."

काट्याने काटा निघाला तो असा. त्याच्याच टेंपोतून जाऊन पेट्रोल आणलं आणि वाईत पोचल्यावर पहिलं एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. ते तोंडात टॉर्च धरून डॅशबोर्डखाली उताणे झोपले, दोन मिनिटांत आतून आवाज आला, "साहेब, काट्याला अर्थच नाही."

म्हणलं काका, महिनाभर मीपण तेच म्हणतोय.

मीटरच्या मागून एक काळी वायर निघून बॉडीला स्क्रूने लागते, तो स्क्रू गंजून हिरवट झालेला. अर्थिंग अर्धवट, म्हणून दोन्ही काटे वर, आणि लाइट लावले की त्यांचाही करंट त्याच अडलेल्या वाटेने परत जाणार म्हणून अजून वर. एक काटा चढला म्हणून मी गावभर फिरलो, दुसरा चढला म्हणून आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. काकांनी पॉलिश पेपरने घासलं, स्क्रू आवळला, पन्नास रुपये घेतले, तेपण लाजत.

आता टेंपरेचरचा काटा मधोमध, शहाण्या मुलासारखा. बाबा मात्र माझ्याशी धड बोलत नाहीयेत. परवा पेट्रोल पंपावर त्या पोऱ्याला सांगत होते, "याने वायरिंगला हात लावला आणि गाडीचं ॲव्हरेज गेलं."