कॅशलेस नाकारल्याच्या तक्रारीला डॉक्टरांचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार देऊन तीन गोष्टी लिहिल्या आहेत. लैंगिक दुर्बलतेवरच्या इम्प्लांटच्या ऑपरेशनला कॅशलेस होईल म्हणून सांगितलं आणि आयत्या वेळी पैसे भरायला लावले. काउंटरवर चारचौघांत ऑपरेशनचं नाव घेतलं. आणि क्लेम पास व्हावा म्हणून हायड्रोसीलचं (अंडकोषाभोवती पाणी साचण्याचं) ऑपरेशन दाखवून फाइल करून द्या म्हटलं तर दिली नाही. तुमचा केस पेपर मी इथे उघडणार नाही, तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्यापुरतंच बोलतो.

आधी काउंटरचं. आमच्या काउंटरवरचा मुलगा टीपीएशी (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेशी) फोनवर बोलत होता, बाकं भरलेली होती, आणि तो ऑपरेशनचं नाव मोठ्याने बोलून गेला. जळगावात यावल-रावेरचं कोण कोणाचं नातेवाईक निघेल, नेम नसतो. हे दुखणं माणूस वर्षानुवर्षं बायकोशीही नीट बोलत नाही. रस्त्यावरच्या तंबूतली पुडकी खाऊन झाली की मग आमच्याकडे येतो. त्याला आम्ही असं वागवलं, याची मला लाज वाटते. माफी मागतो. इन्शुरन्सचं टेबल आता आतल्या खोलीत नेलंय आणि पेशंटला नंबरने बोलावतो.

कार्ड बघून "होऊन जाईल" म्हणणं हीही आमचीच चूक. कार्डावर रक्कम दिसते, काय मिळत नाही ते दिसत नाही. पॉलिसीची पुस्तिका पहिल्या दिवशीच मागायला हवी होती.

पण नकार आमचा नव्हता, विमा कंपनीचा होता. बऱ्याच पॉलिसींत लैंगिक दुर्बलतेवरचे उपचार सरळ वगळलेले असतात. लोकांना वाटतं, शुगर जुनी आहे, तीन वर्षं झाली की सगळं पास. जुन्या आजाराची वेटिंग, म्हणजे क्लेम मिळण्याआधी थांबायची मुदत, 2024 पासून जास्तीत जास्त 36 महिने आहे, हे खरं. पण वेटिंग संपते, वगळलेलं कलम संपत नाही, मग हप्ते दहा वर्षं भरा.

मला स्वतःला हे पटत नाही. शुगरने डोळ्याचा पडदा गेला, पायाचं बोट काढावं लागलं, तर क्लेम पास होताना मी बघतो. तीच शुगर इथल्या नसा आणि रक्तवाहिन्या खराब करते, तेव्हा मात्र तो फुकटचा खर्च ठरतो. गोळ्या, व्हॅक्यूम पंप, इंजेक्शन यांनी गुण आला नाही, तरच आम्ही इम्प्लांटचं बोलतो. हौसेने या टेबलावर कोणी झोपत नाही.

हायड्रोसीलचं बिल मात्र मी देणार नाही, उद्याही नाही. खोटी फाइल पकडली गेली तर पॉलिसीच रद्द होऊ शकते. मग घरात कोणाला अटॅक आला तर काय कराल?

तुमच्या हातात अजून रस्ता आहे. नकाराच्या पत्रात पॉलिसीचं नेमकं कलम लिहिलेलं असायला हवं, ते शोधा. लैंगिक दुर्बलतेचं नाव घेऊन वगळलं असेल तर लढाई अवघड आहे, खोटी आशा लावत नाही. पण वंध्यत्वाचं 17 नंबरचं कलम दाखवलं असेल तर सोडू नका. त्यात नसबंदी, टेस्ट ट्यूब, सरोगसी असले खर्च येतात. मूल न होणं वेगळं, हे दुखणं वेगळं. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. आपल्या खानदेशाला पुण्याचं ऑफिस लागतं. फी नाही, वकीलही लागत नाही.

नकाराचं पत्र आणि पॉलिसीची पूर्ण पुस्तिका घेऊन या. दुपारी 2 ते 4 ओपीडी नसते. दुखण्याचं कारण आणि आधी काय काय उपचार झाले, याचं सर्टिफिकेट मी स्वतः लिहून देतो, त्याचे पैसे नाहीत. काउंटरवर काही सांगायची गरज नाही, थेट माझ्या केबिनमध्ये या.