दुधाला खाडा, वर्गणीला नाही

दूधवाल्याचा हिशेब कसा सरळ असतो. चार दिवस गावाला गेलात, कॅलेंडरच्या चार चौकोनांत 'खाडा' लिहिलात, महिनाअखेरीला तेवढे पैसे वजा. पेपरवालाही खाडा धरतो. फक्त त्याच्याशी थोडं भांडावं लागतं. पण वस्तू फुकटात घरपोच आणि वर घरबसल्या सिनेमा, अशी जी वर्षाची मेंबरशिप आपण घेतो, तिच्या वहीत खाडा हा शब्दच नाही. मुलांच्या परीक्षा म्हणून मार्चमध्ये टीव्हीवर चादर टाका, मे महिनाभर कोकणात आंबे खा, पितृपक्षात खरेदी बंद ठेवा; वर्गणी बारा महिन्यांचीच.

उदाहरणाला ॲमेझॉन प्राइम घेऊ, कारण घरोघरचा वाद बहुधा त्याच्यावरूनच सुरू होतो. भारतात ते जुलै २०१६ मध्ये आलं, डिसेंबरात त्याला व्हिडिओ जोडला. सुरुवातीला सवलतीत वर्षाला ४९९ रुपये पडायचे, पुढे ९९९ झाले, डिसेंबर २०२१ पासून १,४९९. भाव वाढला त्याचं नवल नाही, शेंगदाण्याचाही वाढला. माझ्या मते करामत दरात नसून जोडण्यात आहे. खरेदी आणि सिनेमा यांचा एकमेकांशी संबंध काय? कर्ज काढणारा आणि त्याला जामीन राहणारा यांचा असतो तोच. 'आपण एवढं मागवतो कुठे?' असं बायकोने विचारलं की उत्तर तयार: 'अगं, पण सिरीज बघतो ना.' आणि 'सहा महिन्यांत एक तरी सिरीज शेवटपर्यंत पाहिलीत का?' असं विचारलं की, 'पण डिलिव्हरी फुकट आहे ना.' दोघे एकमेकांच्या आडोशाला उभे राहतात आणि हिशेब कायमचा राहून जातो.

तो मांडायचा तर पोलीस करतात तसं करावं लागतं. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून जबाब घ्यायचे.

आधी खरेदी. ॲपमध्ये आपल्या जुन्या ऑर्डरी उघडा, मागचं वर्ष निवडा आणि पार्सलं मोजा. सगळी नाही, पहिली चूक इथेच होते. मेंबर नसलेल्यालाही ४९९ रुपयांच्या वरचा माल बहुतेक वेळा फुकटच पोचतो. म्हणजे इस्त्री, मिक्सर, प्रेशर कुकर हे साक्षीदार बाद. ४९९ च्या आतलीच पार्सलं धरायची, आणि त्यातूनही मापाला न बसल्याने परत गेलेले कुर्ते वजा करायचे. एका पार्सलमागे ४० रुपये वाचले असं धरलं, तर १,४९९ वसूल व्हायला ३८ पार्सलं हवीत. दर साडेनऊ दिवसांनी एक! एवढ्या नेमाने आपण दाढीही करत नाही.

यातली गंमत अशी की मेंबर झालेला माणूस ही ३८ आनंदाने गाठतो. पूर्वी तो यादी साठवून महिन्यातून एकदा मागवायचा. आता सोमवारी गॅसचा लायटर येतो, मंगळवारी चहाची गाळणी, बुधवारी गाळणीच्या आकाराला न शोभणारं पातेलं. ८५ रुपयांच्या वस्तूभोवती हातभर खोका. दुसरीकडे मेंबर न झालेला स्वतःला फार हुशार समजतो, पण त्याची टोपली ४३० वर अडली की ४० रुपये वाचवण्यासाठी तो ७० रुपयांचं सोलाणं घेतो. घरात तीन सोलाणी आधीच असतात, आणि बटाटे आई सुरीनेच सोलते.

कार्डवाल्यांचं गणित वेगळं. आयसीआयसीआय बँकेचं ॲमेझॉन पे कार्ड प्राइम मेंबराला त्या दुकानातल्या खरेदीवर ५ टक्के परत देतं, इतरांना ३. फरक २ टक्क्यांचा. नुसत्या त्या फरकातून वर्गणी काढायची तर वर्षाला ७४,९५० रुपयांचा माल घ्यावा लागेल. ज्या घरात एवढी खरेदी होते तिथे १,४९९ साठी कोणी भांडत नाही; जिथे भांडतात तिथे एवढी होत नाही.

खरा जबाब मात्र कंपनीनेच दिलेला आहे, फक्त तो यादीत खाली असतो. 'प्राइम शॉपिंग एडिशन' नावाचा ३९९ रुपयांचा वार्षिक प्रकार आहे, त्यात सिनेमा नाही. १,४९९ तून ३९९ गेले, राहिले १,१००. म्हणजे सिनेमा, गाणी वगैरे मंडळींची किंमत वर्षाला अकराशे, हे दुकानदाराच्याच तोंडून कळलं. डिलिव्हरीचे ३९९ तर दहा पार्सलांत फिटतात. मधला 'लाइट' प्रकार ७९९ चा, त्यात व्हिडिओ आहे पण जाहिरातींसकट आणि कमी दर्जाचा. एसटीत उभ्याने प्रवास करायचं तिकीट, असं समजा.

आता सिनेमाला बोलवा. इथे खाडा धरायची एक चोरवाट आहे आणि ती मला फार आवडते. महिन्याचा दर २९९, तिमाहीचा ५९९. दोन तिमाही आणि एक महिना घेतला तर सात महिन्यांचे १,४९७ होतात. वर्षाच्या दरापेक्षा दोन रुपये कमी! म्हणजे वर्षातले सात महिने किंवा त्याहून कमी बघणार असाल तर तुकड्यातुकड्याने घ्या आणि मध्ये खुशाल खाडे धरा. आठव्या महिन्याला आकडा १,७९६ वर जातो आणि गणित उलटतं. दिवाळीला तीन महिने, उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन, आणि सेलच्या जुलैत एक. दोन रुपये वाचल्याचा आनंद ज्याला समजत नाही, त्याने हा लेख इथेच सोडावा.

जाहिरातींचं सांगायचं राहिलं. १७ जून २०२५ पासून भारतात प्राइम व्हिडिओवर जाहिराती लागतात, आणि त्या नको असतील तर वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ वेगळे. १,४९९ अधिक ६९९, एकूण २,१९८. एवढे भरायचे की जाहिरातीत चहा टाकून यायचा, हा ज्याच्या त्याच्या चहाचा प्रश्न आहे.

पैसे भरून झाले की घरात खरी परीक्षा सुरू होते, आणि तिचं नाव चकरी. नायिका 'मला तुला एक सांगायचं होतं' म्हणते आणि पडद्याच्या मधोमध गोल गोल फिरायला लागतं. मग घरातला सर्वांत तरुण माणूस फोन घेऊन राउटरपाशी जातो, वेग तपासतो आणि 'शंभर येतोय' असं जाहीर करतो. त्या शंभराला काही अर्थ नाही. टीव्ही जिथे आहे तिथे, आणि जमलं तर टीव्हीवरच, वेग बघायचा. साध्या एचडीला ५ एमबीपीएस (वेग मोजायचं एकक) पुरतात, त्याहून बारीक चित्राच्या फोर-केला १५ च्या आसपास. शंभरातले पंधरा पलंगापर्यंत पोचत नाहीत, कारण मध्ये भिंत आहे.

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचवाला वेगवान, पण भिंतीपुढे हात टेकतो. दोन-चारवाला हळू, पण चिवट, आरपार जातो. मात्र त्याच पट्टीवर शेजारच्या आठ घरांचे राउटर असतात आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही तिथेच गुणगुणतो. म्हणून खिचडी गरम करायला ठेवली की नेमका क्लायमॅक्स अडतो. जुन्या पुण्यातल्या वाड्यात, दीड हात जाडीच्या भिंतींत, पाचवाल्याने पलीकडच्या खोलीत जावं ही अपेक्षाच चुकीची. तिथे माजघरातली हाक ओसरीवर ऐकू येत नाही. त्यात आपण राउटर ठेवतो कुठे? दिसायला वाईट दिसतो म्हणून चपलांच्या कपाटात, नाहीतर टीव्हीच्या पाठीमागे. पत्र्याच्या कपाटात ठेवणाऱ्याने तर इंटरनेटची तक्रारच करू नये. राउटर उघड्यावर, छातीच्या उंचीवर, घराच्या मध्याशी ठेवा. आणि टीव्ही जागचा हलणार नसेल, तर राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ लॅनची वायर ओढा. बऱ्याच टीव्हींचं लॅनचं भोक १०० एमबीपीएसचंच असतं, म्हणून जाणकार भाचा नाक मुरडेल. मुरडू दे, फोर-केला त्याच्या सहाव्या हिश्शात भागतं.

राउटर बंद करून चालू करणं हा आपला राष्ट्रीय उपाय आहे, पण आधी दिव्यांकडे बघावं. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल असेल, तर बाहेरून प्रकाशच येत नाही. डबा शंभरदा बंद-चालू केलात तरी काही होणार नाही. दाराच्या फटीत चेपलेली, खिळ्याला गुंडाळलेली किंवा मोलकरणीच्या झाडूने काटकोनात वळलेली ती पातळ वायर आधी बघा. आत काच आहे, घट्ट वळवली की प्रकाश वाटेतच सांडतो. घरातली वायर ठीक असेल तर मात्र कोपऱ्यावर कोणी रस्ता खणला किंवा मांडवाचा बांबू लावला, याची चौकशी करून तक्रार नोंदवावी आणि पत्त्यांचा जोड काढावा.

वेग आहे, चकरी नाही, तरी चित्र धुरकट? चाळीस हजारांच्या टीव्हीवर चेहरे ओल्या रांगोळीसारखे? अशा वेळी बहुधा टीव्हीला जोडलेला स्वस्तातला डबा दोषी असतो. चोरी होऊ नये म्हणून सिनेमा कुलूपबंद येतो, आणि अशा डब्यांवर त्या कुलपाला बहुधा 'वाइडवाइन' म्हणतात. त्याच्या प्रती असतात. एल-वन असलं तर एचडी आणि फोर-के मिळतं. एल-थ्री असलं तर बहुतेक ठिकाणी ४८० रेषांच्या धुरकट चित्रावर गाडी थांबते, मग पडदा केवढाही असो. डबा घेताना 'फोर-के' या अक्षरांवर भाळण्याआधी हे विचारावं. दुकानदाराला माहीत नसेल तर तोच जबाब समजावा.

आवाजाचं दुखणं याहून छळणारं. संवाद कुजबुजल्यासारखे, आणि मारामारी सुरू झाली की खालच्या मजल्यावरचे काका दारात. सिनेमाचा आवाज पाच-सहा स्पीकरांसाठी वाटलेला असतो, संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरात. आपल्या टीव्हीला दोनच, तेही खाली तोंड केलेले. सगळं एकत्र ओतताना संवाद बुडतात. आवाजाच्या मेनूत ५.१ (अनेक स्पीकरांचा) ऐवजी स्टिरिओ (दोन स्पीकरांचा) निवडा, टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद उठावदार करणारा पर्याय असतो तो लावा, आणि 'सिनेमा' नावाचा मोड बंद करा.

फोनवर बघणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो. दिवसाचा २ जीबीचा पॅक चाळीस मिनिटांत संपतो. विरारहून निघालात तर चर्चगेटच्या बरंच अलीकडे नायक गोठतो.

आणि पासवर्ड. प्राइम व्हिडिओत जानेवारी २०२५ पासून पाच उपकरणं, त्यांत टीव्ही दोनच. तिसऱ्या टीव्हीला जागा हवी तर खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन जुना काढावा लागतो. तिथली यादी उघडली की आपली वर्गणी जळगावपासून न्यू जर्सीपर्यंत कोणकोणाच्या दिवाणखान्यात उजेड पाडते आहे, ते कळतं. काढायचा कोणाचा, हे गणिताने सुटत नाही. नणंदेचा काढला तर दिवाळी जाते, साडूचा काढला तर गणपती.

शेवटी वर्ष भरतं आणि पैसे आपोआप कापले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं, आणि कळवतातही. तो मेसेज ओटीपी, कर्जाच्या ऑफरी आणि 'शुभ सकाळ' यांच्या मधोमध येऊन झोपतो. १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा ओटीपी लागत नाही, त्यामुळे १,४९९ मांजराच्या पावलांनी जातात. थांबवायचं तर ॲपमध्ये खातं, तिथून मेंबरशिप, तिथून बंद करा. यूपीआयवरून भरले असतील तर पैशाच्या ॲपमध्ये 'ऑटोपे' उघडून तिथलीही परवानगी रद्द करा. 'मी मूर्ख आहे, मला सवलती नकोत' अशा धर्तीचं बटण कुठल्याही ॲपने पुढे केलं तरी डगमगू नका. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये तेरा फसव्या युक्त्यांची यादी काढली, तिच्यात ग्राहकाला असं ओशाळवणंही आहे आणि वर्गणीतून बाहेर पडायची वाट अवघड करणंही.

सर्वांत सोपं म्हणजे वर्गणी भरली त्याच दिवशी, मुदत संपण्याच्या आठ दिवस आधीची तारीख दुधाच्या खाड्यांशेजारी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायची. अडचण एकच. ती तारीख पुढच्या वर्षीची असते, आणि पुढच्या वर्षीचं कॅलेंडर अजून घरात आलेलं नसतं.